चाचणीसाठी दिलेली प्रत

चि. सोनूस,


काल फोनवर तू हिरमुसला होतास. "मामा, मी त्याचं नाव दिलं होतं, मग तो एवढा का चिडला?" हा तुझा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या मित्राने 'काउंटर-स्ट्राइक : सोर्स' या गेमसाठी पाच महिने खपून एक मॅप बांधला. त्याची प्रत तुला दिली ती खेळून चुका काढण्यासाठी. फाइलच्या नावाशेवटी 'बी२' होतं, म्हणजे दुसरी बीटा आवृत्ती. निम्म्या भिंतींवर अजून चौकटींचं कामचलाऊ टेक्स्चर होतं. तू 'बी२' पुसलंस आणि ती फाइल सगळ्यांना खुली केलीस.

ते 'बी२' शोभेचं नव्हतं. ज्यांनी तुझी प्रत उतरवून घेतली, त्यांच्याकडे आता पूर्ण मॅपच्या नावाची अपुरी फाइल आहे. उद्या मित्राने खरा मॅप त्याच नावाने सर्व्हरवर चढवला, तर तुमचा मॅप सर्व्हरवरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे असं सांगून गेम त्यांना आत घेणार नाही. स्वतः ठरवलेलं नाव त्यालाच वापरणं अवघड झालं.

आणि त्याचं नाव दिल्याने दुखणं वाढलंच. जे दोष तो तुझ्या मदतीने काढणार होता, ते त्याच्या नावासकट चारचौघांत गेले. श्रेय देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

"तो फुकटच देणार होता," असंही तू म्हणालास. १९९३ साली 'डूम' हा गेम आला आणि चाहते घरी बसून त्याच्या लेव्हल बनवू लागले. त्या फुकटच वाटल्या जात. तरी सोबत एक मजकुराची फाइल जोडायची रीत पडली : लेव्हल कोणी बनवली आणि इतरांनी ती बदलून वापरली तर चालेल की नाही. पैसे न घेणाऱ्यालाही आपल्या कामाचं काय व्हावं हे सांगायचा अधिकार असतो. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कृतीच्या प्रती लोकांपुढे प्रथम आणण्याचा हक्क कॉपीराइट ज्याचा, त्याचाच आहे. त्यासाठी नोंदणीही लागत नाही.

पण कायदा बाजूला ठेव. नाटकाच्या तालमीला ज्याला बसू देतात, त्याच्यासमोर नट अडखळतात, वाक्यं विसरतात, कारण तो घरचा आहे असं ते धरून चालतात. मित्राने तुला तसं घरचं मानलं होतं.

आज एवढं कर. फाइल काढून टाक. ज्यांनी ती घेतली, त्यांच्यासाठी त्याच जागी लिही की ही अपुरी प्रत होती, मालकाला न विचारता मी टाकली, कृपया पुसून टाका. मग मित्राकडे स्वतः जा. सबब सांगू नकोस, चूक कबूल कर. खेळताना सापडलेल्या चुकांची यादी सोबत ने. त्याने तुझ्याकडे मागितलं होतं ते तेवढंच. मॅप लोकांपुढे कधी आणायचा, ते त्याला ठरवू दे.

तुझा,
मामा