दुसऱ्या बाळाचा रकाना

जुळी झाली की गावाला कौतुक आणि सिस्टरच्या पोटात गोळा. माझी सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, भामरागड-एटापल्लीच्या पट्ट्यात गेली. आता आशा सेविकांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावतात. तिथे मी आधी आफ्रिकेचे आकडे फळ्यावर लिहिते. सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत २००९ ते २०१४ या काळात हजार जुळ्या बाळांपैकी २१३ पाच वर्षांची होण्याआधी गेली. एकेकटी जन्मलेल्यांत हजारी ७२. त्याआधी, १९९५ ते २००१ मध्ये, हेच आकडे ३२८ आणि १२९ होते. म्हणजे मरणं कमी झाली, पण जुळ्यांची कमी वेगाने. मला त्याचं नवल वाटत नाही. आपली सगळी व्यवस्था, घरातली आणि सरकारी, एका बाळंतिणीला एकच बाळ धरून चालते. पुढचं सगळं त्यावरच आहे.

१. दोन आहेत हे आधी कळू द्या. महिन्यांच्या मानाने पोट मोठं दिसलं की सासू म्हणते, ‘मुलगा आहे.’ आपण टेप लावायचा, दोन डोकी हाताला लागतात का ते चाचपायचं आणि ठोके दोन जागी ऐकायचे. पण महिनेच चुकले तर टेपचा काय उपयोग? पाळीची तारीख कोणी सांगत नाही. ‘मोहफुलं वेचायला जात होतीस तेव्हा पाळी आली होती का?’ असं विचारलं की बरोबर उत्तर येतं. सोनोग्राफीसाठी एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती कशासाठी हे नीट सांगावं. दोघांची वार एकच असेल तर एका बाळाकडे रक्त जास्त जाऊन दुसरं वाळू शकतं. वार एक की दोन, हे चौथा महिना लागायच्या आत सर्वांत स्वच्छ दिसतं.

२. जुळं थांबत नाही. ‘नववा लागला की येते’ म्हणणारी बाई आठव्यातच मोकळी होऊ शकते, आणि पावसाळा असला तर भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर रस्ता अडवून बसलेला असतो. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं आहेत ती यासाठीच. एक बाळ असलेल्या बाईला आपण तारखेच्या काही दिवस आधी बोलावतो. जुळ्यांच्या आईला आठवा संपायच्या आत आणा. ती नाही म्हणते तेव्हा तिला अडाणी म्हणू नका. घरी शेळ्या कोण बघणार, मोठ्या पोराला कोण जेवू घालणार, हे तिचे प्रश्न खरे असतात. त्यांची सोय झाली की ती येते.

३. इंजेक्शनआधी पोटावर हात. हे मी प्रत्येक नव्या सिस्टरकडून तीनदा वदवून घेते. बाळ बाहेर आलं की रक्तस्राव रोखायला मांडीत ऑक्सिटोसिन १० युनिट द्यायचं, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडलंय. त्या सवयीतच धोका आहे. आत दुसरं असेल आणि आपण इंजेक्शन दिलं, तर पिशवी आवळते आणि ते बाळ आत गुदमरतं. म्हणून आधी बेंबीवर हात ठेवायचा. गर्भाशय अजून उंच, आत हालचाल, म्हणजे दुसरं आहे. पहिल्याची नाळ आईकडच्या बाजूलाही घट्ट बांधायची. वार एकच असेल तर त्या कापलेल्या टोकातून दुसऱ्याचं रक्त वाहून जाऊ शकतं. मग दुसरं कसं आडवं-उभं आहे ते बघायचं, ठोके ऐकत राहायचे. पायाळू किंवा आडवं येण्याचं प्रमाण दुसऱ्यातच जास्त. ते आलं, तिसरं नाही याची खात्री झाली, की मग इंजेक्शन. आणि त्यानंतर बाईला सोडून चहाला जायचं नाही. दोघांनी ताणलेली पिशवी सैल पडते, रक्त जातं, आणि आमच्याकडच्या बाईच्या अंगात मुळातच रक्त किती असतं!

४. दोघांना दोन खुणा. एकाच्या पायाला लाल दोरा, दुसऱ्याच्या पायाला पांढरा. वजन वेगळं लिहायचं. ‘जुळी, १.८ किलो’ अशी नोंद मी कितीदा पाहिली आहे. कोण १.८? दुसऱ्याचा रकाना रिकामा. ज्याचं वजन लिहिलं नाही, त्याचं घटलेलं वजनही कोणाला दिसत नाही.

५. दूध दोघांना पुरतं. जितकं ओढलं जाईल तितकं येतं, जुळ्यांच्या आईलाही. अडचण वेगळी असते. धाकटं ओढता ओढता थकून झोपतं. झोपलं म्हणजे पोट भरलं, असं घरचे समजतात आणि मोठ्याला पाजतात. म्हणून धाकट्याला आधी घ्या, थकलं की उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. रात्रीसुद्धा. चिकाचं दूध पिवळं आहे म्हणून सांडू देऊ नका. आणि आईला ताट हवं. अमृत आहार योजनेचं गरम जेवण अंगणवाडीत मिळतं, पण दोन पोरं छातीशी धरून ती तिथे जाणार कशी? ताटच तिच्याकडे पोचवा. हे सांगायला जीआर कशाला लागतो, मला कळत नाही.

६. ऊब. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी इन्क्युबेटर कमी पडतात म्हणून कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आपण तिला कांगारू पद्धत म्हणतो. पुढे घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांत १.८ किलोच्या आतल्या बाळांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये त्याचा निकाल आला. जन्मल्याबरोबर कांगारू दिलेल्यांत महिन्याभरात १२ टक्के बाळं गेली, प्रकृती स्थिरावेपर्यंत थांबलेल्यांत १५.७ टक्के. जुळी दोन्ही एकाच लुगड्यात छातीशी मावतात. पण आईने जेवायचं कधी, उठायचं कधी? बापाला बसवा. आमच्याकडचा माडिया आदिवासी बाप आधी लाजतो, हसतो, मग सदरा काढतो. एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही.

७. दोघांची ताटातूट करू नका. यावर मला सर्वांत जास्त बोलायचंय. एका गावात जुळी झाली; एक दोन किलोचं, एक सव्वा किलोचं. लहानग्याला गाडीत घालून दीडशे किलोमीटरांहून लांब जिल्ह्याच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, नेलं. आई सोबत गेली, कारण दूध तिच्याजवळ. धडधाकट बाळाला तिथे जागा नाही, जंतू लागतील, असं सांगून मोठं आजीकडे ठेवायला लावलं. माडिया घरात गायीचं दूध काढायची रीत नव्हती, ते वासराचं असतं. आजीने पेज पाजली. तिच्या हाती दुसरं होतंच काय? लहानगं वजन वाढवून परत आलं. मोठं तोवर हगवणीने गेलं होतं. जन्मताना त्याला कुठलाही आजार नव्हता. त्याची आई फक्त दुसरीकडे होती. तेव्हापासून मी रेफर चिठ्ठीवर ठळक लिहिते, ‘माता व दोन बाळं’. वॉर्डवाले कुरकुरतात. कुरकुरू द्या. मोठ्याला एसएनसीयूत घेऊ नका, पण आईच्या खाटेवर त्याचा हक्क आहे.

८. एक गेलं तर ‘एक तरी राहिलं’ असं म्हणू नका. तिला दोन झाली होती. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळी फार होतात. पहिल्याचं नाव तायवो, दुसऱ्याचं केहिंदे, ठरलेलं. एक गेलं तर पूर्वी त्याची लाकडी मूर्ती करून घेत, आणि आई तिला न्हाऊमाखू घाले, नैवेद्य दाखवी. आपल्याकडे गेलेल्याचं नावही निघत नाही. आपण निदान ऐकून घ्यावं. आणि उरलेल्याला त्याच दिवशी तपासावं, कारण ज्या तापाने एक गेलं तो दुसऱ्यात असू शकतो.

९. घरभेटी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. ही पद्धत आपल्याच जिल्ह्यातली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत शिकवले आणि नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या घरात आले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जुळ्यांच्या घरी मात्र आशा एकाला मोजते, दुसरं झोपलंय म्हणून उठवत नाही. उठवा. कपडे काढा, पोटाला हात लावा, पाय गार आहेत का बघा, मग दुसरा फॉर्म भरा. बायांनो, जुळ्यांच्या घरभेटींचा मोबदला २५० नाही, दोन बाळांचा ५०० आहे, मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलंय. तालुक्याला कोणी एकाचेच काढले तर दोन्ही फॉर्म पुढे ठेवून भांडा.