चिमुकले हात स्वयंपाकघरात

आई पोळ्या लाटू लागली की तीन-चार वर्षांचे मूल शेजारी येऊन ‘मला पण गोळा दे’ म्हणून हट्ट धरते. बहुतेक घरांत त्याला ‘भाजेल, बाहेर जा’ म्हणून पिटाळतात. पण पिटाळलेले मूल कोणाचे लक्ष नसताना ओट्याशी येते आणि चहाचे पातेले किंवा गरम डाळ अंगावर ओढून घेते. त्यापेक्षा त्याला काम द्यावे आणि बसायची जागा ठरवून द्यावी.

शेगडीपासून चार हात लांब, भिंतीकडेला पाट मांडावा. साबणाने हात धुऊन झाले की मेथीची पाने खुडणे, कोशिंबीर कालवणे, कणकेची छोटी पोळी लाटणे ही कामे मूल आनंदाने करते. स्वतः खुडलेली मेथी ते खातेही, हा अनुभव अनेक आयांना असेल. मटार आणि शेंगदाणे सोलणे निरुपद्रवी वाटते, पण पाच वर्षांच्या आतील मुलाला ते देऊ नये. दाणा तोंडात असताना मूल हसले तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. काही मुले तो नाकातही घालतात! मिरच्यांना हात लावू देऊ नये, विळी काम होताच मिटून उंचावर ठेवावी. तळण, फोडणी आणि कुकर उघडणे चालू असताना मुलाने पाटावरून उठायचे नाही, हा नियम घरातील सर्वांनीच पाळावा. मूल कडेवर घेऊन चहा गाळणेही तितकेच धोक्याचे.

एवढे करूनही भाजलेच तर? मुलांची कातडी पातळ असते, त्यामुळे जखम लवकर खोल जाते. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने सावकाश ओतत राहावे. बाकीचे अंग मात्र पांघरुणात ऊबदार ठेवावे. सूज येण्यापूर्वी बांगडी, कडे काढून घ्यावे. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. टूथपेस्ट खरवडून काढताना मुलाला जो त्रास होतो तो पाहवत नाही. फोड फोडू नयेत. भाजलेली जागा मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा अथवा जांघेत भाजले असेल, तर पाणी ओतून झाल्यावर स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून लगेच दवाखाना गाठावा.