कार्ड बदल, पण हिशेब करून

आधी उत्तर सांगते बाई, मग कारणं. त्या दुसऱ्या बँकेचं कार्ड घ्यायला हरकत नाही. जुन्या कार्डाचं देणं तिकडे वळव. पण हो म्हणायच्या आधी कागद-पेन घेऊन बस, कारण फोनवरच्या पोरानं तुला "शून्य टक्के" एवढंच सांगितलं असणार. पुढचं सांगायचा पगार त्याला मिळत नाही.

आणि लाजू नको. अकोल्याच्या मे महिन्यात एसी घेणं ही काही चैन नव्हे. घरात लग्न निघालं की नांदगाव पेठेला बिझीलँडच्या कापडबाजाराची एक चक्कर तर कुणालाच चुकत नाही. साठ हजार थकले ते थकले. आता फेडायचे कसे, तेवढंच बघू.

जुन्या कार्डाचं स्टेटमेंट काढ. त्यात "किमान देय" म्हणून तीन हजार लिहिलेत. ते तू इमानेइतबारे भरतेस, तरी वरचा आकडा हलत नाही. काहून? तर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे साठ हजारांवर २,१०० रुपये. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ३७८ रुपये. झाले २,४७८. तुझ्या तीन हजारांतून मुद्दलात गेले फक्त ५२२. वर थकबाकी असताना नवी खरेदी केलीस, तर बिनव्याजी दिवसांची सवलतही नाही. किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज सुरू.

शेकडा साडेतीन! आपल्या वऱ्हाडात शेकडा दोननं पैसे देणाऱ्याला गाव नावं ठेवतं. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला बिनतारण कर्ज दिलं, तर परवानाधारक सावकाराला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. तुझं कार्ड घेतंय ४२. सावकाराच्या ओट्यावर चढताना पाय अडखळतो. कार्ड पर्समध्ये असतं, म्हणून काही वाटत नाही.

यावर कोर्टकचेरीही होऊन गेली. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं म्हटलं होतं, की कार्डावर ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय, आयोगाचा नाही, असं सांगून कोर्टानं तो निकाल रद्द केला, २० डिसेंबर २०२४ ला. तारीख बघ. १९५६ साली याच तारखेला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबा गेले. कर्ज काढून सण करू नका, म्हणून गावोगाव कीर्तनातून सांगणारा माणूस! तेव्हा वरून कुणी ४२ चे ३० करून देईल, या आशेवर राहू नको. आपला दर आपणच कमी करून घ्यायचा, आणि त्यासाठीच हे कार्ड बदलणं.

आता गणित. समज, दोन महिने शून्य व्याज आणि प्रक्रिया शुल्क दोन टक्के. शुल्क झालं १,२००, जीएसटी धरून १,४१६. दर महिन्याला तीस हजार टाकून दोन महिन्यांत मोकळी होणार असशील, तर जुन्या कार्डावर जीएसटीसकट साधारण ३,७०० व्याज गेलं असतं, ते वाचलं. शुल्क वजा जाता तेवीसशे हाती राहिले. फायदा आहे, पण तुझ्या पगारातून महिन्याला तीस हजार निघतात का? नाही निघत. मग दोन महिन्यांनी उरलेल्या रकमेवर नव्या कार्डाचं पूर्ण व्याज लागेल. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

म्हणून तू त्या फोनवरच्या पोराला हप्त्यांची योजना विचार. बारा महिने, महिन्याला दीड टक्का, तेही घटत्या शिलकीवर मिळालं, तर हप्ता साडेपाच हजारांच्या घरात येईल. व्याज, जीएसटी, शुल्क मिळून वर्षाला साडेआठ हजार जातील. हेच साठ हजार जुन्या कार्डावर वर्षभरात फेडायचे तर सतरा हजारांच्या वर जातात. अर्धं वाचलं ना! फक्त तो "फ्लॅट" म्हणाला तर कान टवकार. फ्लॅट बारा टक्के म्हणजे वर्षभराच्या हप्त्यांत खरं व्याज एकवीसच्या वर पडतं, कारण मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र सुरुवातीच्या साठ हजारांवरच मोजतात.

तीन गोष्टी मात्र पाळ. नव्या कार्डावर भाजीची जुडीसुद्धा घेऊ नको. ते फक्त फेडायचं कार्ड. पैसे जुन्या खात्यात जमा झालेले दिसेपर्यंत जुन्याचा हप्ता चुकवू नको, मधले काही दिवस जातातच. आणि एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नको. प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलच्या अहवालात होते आणि गुण घसरतात. तो अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, आधी तोच काढून बघ.

जुनं कार्ड बंद करायचं असेल, तर बाकी शून्य झाल्यावर लेखी कळव. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सात कामकाजी दिवसांत बंद करायला हवं. नाही केलं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं तुला ५०० रुपये द्यायचे.

आणखी एक, रागावू नको. कपाटातल्या बांगड्यांवर सोनेतारण काढलं, तर बहुतेक ठिकाणी व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी पडतं, हप्त्यांच्या योजनेपेक्षाही कमी असू शकतं. जिल्हा बँकेत, सरकारी बँकेत चौकशी कर. तुझ्या बचत गटातूनही विचार. गटात सगळ्यांना कळेल, हेच ना तुझं दुखणं? कळू दे. त्यांच्यातल्या दोघीतिघी हेच दुखणं घेऊन बसल्या असतील, बघ.

आता तो पोरगा पुन्हा फोन करेल. त्याला विचार: शुल्क जीएसटीसकट किती? शून्याची मुदत संपल्यावर दर किती? एक हप्ता चुकला तर सवलत राहते की जाते? उत्तरं ईमेलवर माग. ओटीपी त्यालाच काय, कुणालाच सांगू नको. आणि लिहून द्यायला का-कू करत असेल, तर सरळ फोन ठेव. तिसऱ्या बँकेचा फोन उद्या येतोच.