दिवा गेला, वीज गेली का?

आपल्या मुळशी तालुक्याची आणि विजेची ओळख जुनी आहे. मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते. तिथे १९२७ सालापासून वीज तयार होते. तरी आपल्या स्वतःच्या घरात वीज कोणत्या वाटेने फिरते, हे पुष्कळांना सांगता येत नाही. एरवी त्यावाचून अडत नाही. पण पावसाळ्यात रात्री गोठ्यातला दिवा जातो, तेव्हा मात्र अडते.

उरवड्यासारख्या गावात पुष्कळांचा गोठा घरापासून थोडा लांब असतो. घरातून एक वायर काढून गोठ्यात नेलेली असते. तिच्यावर दिवा लागतो, कडबा कुट्टीची मोटर चालते. पाऊस धरला की नेमकी हीच वाट बंद पडते. मग घरात असे बोलणे होते :

“आवं, गोठ्यात लाइट न्हाई.”

“खटका पडला असंल. वर कर.”

“तीनदा केला. परत पडतोय.”

“मग खटका काढून डायरेक्टच जोडून टाकू.”

थांबा! हा शेवटचा बेत जीव घेणारा आहे. का, ते या धड्यात पाहू.

विजेची वाट

शेतात पाटाचे पाणी येईनासे झाले, तर आपण काय करतो? पाटाच्या कडेने चालत जातो. पाणी कुठवर आले आहे, ते पाहतो. जिथे ते अडले, तिथे दोष असतो. विजेचेही असेच आहे. तिच्या वाटेवर ठाणी आहेत. पहिले ठाणे गावातली डीपी. दुसरे ठाणे खांब. तिसरे आपले मीटर. चौथे घरातले मेन स्विच आणि खटके. पाचवे ठाणे गोठ्यातला बोर्ड.

पण पाण्यात आणि विजेत एक मोठा फरक आहे. पाणी डोळ्यांना दिसते, वीज दिसत नाही. शिवाय वीज एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. येणाऱ्या तारेला फेज म्हणतात. परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. समजा, परतीची तार तुटली. मग दिवा लागणार नाही. पण येणारी तार जिवंतच राहील! हात लावला तर झटका बसेल.

म्हणून पहिला नियम पाठ करा : दिवा गेला म्हणजे वीज गेली, असे नव्हे. अंधारातली वायरसुद्धा जिवंत समजावी.

पुष्कळ जण टेस्टर लावून पाहतात. टेस्टर पेटला की म्हणतात, “लाइट तर आहे, मग दिवा का लागत नाही?” टेस्टर फक्त येणारी तार दाखवतो. परतीची वाट धड आहे की नाही, हे तो सांगत नाही. आणि टेस्टर पेटला नाही, तरी धोका टळला असे समजू नये. टेस्टरही बिघडतो.

आधी पाहा, हात नंतर लावा

गोठ्यात अंधार झाला की या क्रमाने पाहा.

एक : शेजाऱ्यांकडे दिवे आहेत का? नसतील तर दोष डीपीवर किंवा लाइनवर आहे. तिथे आपले काही काम नाही.

दोन : शेजारी दिवे आहेत, आपल्या घरात नाहीत. मग मीटर पाहा. त्यावरचे आकडे किंवा दिवा दिसतो का? दिसत नसेल तर वीज मीटरपर्यंतच आलेली नाही. महावितरणला कळवा. मीटरचे सील तोडू नका.

तीन : घरात दिवे आहेत, गोठ्यातच अंधार आहे. मग दोष घर आणि गोठा यांच्यामध्ये आहे. आता खटक्यांकडे चला.

खटका हा रखवालदार आहे

मीटरजवळच्या पेटीत खटके असतात. त्यांना एमसीबी म्हणतात. वायरीला झेपणार नाही एवढी वीज वाहू लागली, की एमसीबी आपोआप खाली पडतो. तो पडला नाही, तर वायर तापते आणि आग लागते.

काही घरांत आणखी एक रखवालदार असतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. कोणी ईएलसीबीही म्हणतात. तो हिशेब ठेवतो. जेवढी वीज गेली, तेवढी परत आली का? थोडी जरी कमी आली, तरी ती कुठेतरी गळते आहे. कदाचित ओल्या भिंतीतून, कदाचित माणसाच्या अंगातून! एका अँपिअरचे हजार भाग करा. घरातला आरसीसीबी साधारणपणे त्यातले तीस भाग गळले तरी क्षणात वीज तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ असे बटण असते. महिन्यातून एकदा वीज चालू असताना ते दाबावे. खटका पडला म्हणजे रखवालदार जागा आहे. पडला नाही, तर वायरमनकडून बदलून घ्यावा.

जुन्या घरांत खटक्याऐवजी फ्यूज असतो. त्याची बारीक तार वितळते आणि वीज तुटते. त्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे रखवालदाराला गुंगीचे औषध देणे. डायरेक्ट जोडणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणे.

खटका पडला तर तो बिघडला, असे लगेच समजू नका. तो काहीतरी सांगत असतो. खटका एकदा वर करा. पुन्हा पडला, तर वर करीत राहू नका. कारण शोधा.

कारण असे शोधावे

हात कोरडे हवेत. पायात चप्पल हवी. उभे राहायला कोरडी फळी घ्यावी. हातात बॅटरी असावी.

१. घरातले मेन स्विच बंद करा. मग गोठ्यातल्या सगळ्या पिना काढा. बटणे बंद करा.

२. पेटीतला गोठ्याचा खटका खालीच ठेवा. बाकीचे चालू करा. घरात दिवे आले आणि टिकले, तर घर ठीक आहे. टिकले नाहीत, तर इथेच थांबा आणि वायरमनला बोलवा.

३. आता गोठ्याचा खटका वर करा. गोठ्यात काहीच जोडलेले नाही, तरी तो पडला? मग दोष मधल्या वायरीत किंवा बोर्डात आहे. खटका खाली ठेवा. हे काम वायरमनचे.

४. खटका टिकला? मग एकेक वस्तू लावा. आधी दिवा, मग मोटर. बटण बंद ठेवून पिन घालावी, मग बटण दाबावे. त्या वेळी यंत्राला हात लावू नये. जी वस्तू लावताच खटका पडतो, तिच्यात दोष आहे. ती बाजूला ठेवा. बाकीचे काम चालू द्या.

गोठ्यात गाय बांधलेली असेल तर आधी तिला बाहेर काढा. जनावराच्या पायात चप्पल नसते. त्याचे चारही पाय ओल्या जमिनीवर असतात. माणसाला नुसती चुणचुण वाटते, तेवढ्या विजेने गाय मरू शकते. गाय लोखंडी पाइपाला लागताच बिचकते, पाणी प्यायला पुढे होत नाही, तर तिला मारू नका. आधी वीज बंद करा.

खटका पडत नाही, पण मोटर ओढत नाही

कधी दिवा मंद लागतो. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॅट. नऊ वॅटचे ऐंशी दिवे एकदम लावले, त्याहून हा भार जास्त. सुरू होताना तर मोटर याच्या कितीतरी पट वीज ओढते. वायर बारीक आणि लांब असेल, तर घराजवळचे २३० व्होल्ट गोठ्यापर्यंत पुरे पोचत नाहीत. अशी मोटर चालवत राहिले की ती जळते. जाड वायर टाकून घ्यावी. वाटेतला सांधा प्लॅस्टिकच्या पिशवीने गुंडाळू नये. तिथे पाणी साचते, सांधा तापतो.

घरातले दिवे एकदम प्रखर झाले, तर मेन स्विच ताबडतोब बंद करा. अशा वेळी बहुधा परतीची तार तुटलेली असते.

आपली हद्द कोणती?

मीटरच्या पुढचे काम आपले. ते परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. मीटर, खांब आणि डीपी ही हद्द महावितरणची. पूर्वी हे काम वीज मंडळाकडे होते. २००५ साली मंडळाचे भाग झाले आणि घरोघर वीज पोचवणे महावितरण कंपनीकडे आले. जुनी माणसे अजून ‘बोर्डाचा माणूस’ म्हणतात.

गावात कोणी धाडसी गडी असतो. तो काठी घेऊन डीपीवरचा फ्यूज घालायला जातो. लोक त्याला शाबासकी देतात. आमचे सांगणे आहे, तुम्ही देऊ नका. त्याला हाताला धरून परत आणा. डीपीवर विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो. तिथे चूक दुरुस्त करायला दुसरी संधी नसते.

त्याऐवजी १९१२ या क्रमांकावर फोन करा. वीजबिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो वाचून सांगा. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला वाचता-लिहिता येते. हे काम दुसऱ्यावर कशाला सोपवायचे?

कोणी वायरीला चिकटलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. मग १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आता सांगा

१. घरात दिवे आहेत, गोठ्यात नाहीत. दोष कुठे शोधाल?
२. टेस्टर पेटला, तरी दिवा का लागत नाही?
३. खटका पुन्हा पुन्हा पडत असेल तर काय करू नये?

करून पाहा

कागदाच्या चिठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात ‘मेन’, ‘घर’, ‘गोठा’ असे लिहा. पेटीतल्या खटक्यांशेजारी त्या चिकटवा. खाली बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि १९१२ लिहा. घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्या आईलासुद्धा, मेन स्विच कसे बंद करायचे ते दाखवून ठेवा.