मॅन्त्युरांताची पदकं रक्ताची की कष्टाची?

प्रश्न : फिनलंडच्या एका जुन्या स्की चॅम्पियनच्या रक्तात जन्मापासूनच हिमोग्लोबिन खूप जास्त होतं, असं वाचनात आलं. मग त्याची ऑलिंपिक पदकं त्याची म्हणायची की त्याच्या जनुकाची? निसर्गानं केलेलं हे डोपिंगच नाही का? आणखी एक विचारते. माझी मुलगी शाळेकडून लांब पल्ल्याच्या शर्यती धावते. तिची जनुक-चाचणी करून घ्यावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही ज्याच्याविषयी वाचलंत तो एरो मॅन्त्युरांता. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये त्यानं तीन ऑलिंपिकमध्ये मिळून सात पदकं जिंकली : तीन सुवर्ण, दोन रौप्य, दोन कांस्य. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच कारकिर्दीत दडलेलं आहे, म्हणून आधी त्याची हकिगत सांगतो.

तो कोण होता?

एरोचा जन्म २० नोव्हेंबर १९३७ चा. गाव लान्कोयार्वी, उत्तर फिनलंडच्या लॅपलँडमधल्या पेल्लो परिसरातलं. उत्तर ध्रुववृत्त तिथून जवळच, आणि तोर्ने नदी ओलांडली की स्वीडन. १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी लॅपलँडचा मोठा भाग जाळून टाकला, तेव्हा एरो जेमतेम सात वर्षांचा होता. युद्धानंतरचे दिवस ओढाताणीचे होते. शाळा तळ्याच्या पलीकडे होती आणि हिवाळ्यात तळं गोठलं की पोरं स्कीवरूनच शाळा गाठायची. पुढे स्कीवरच्या कामगिरीमुळे त्याला सीमारक्षकाची नोकरी मिळाली. बर्फातल्या सरहद्दीवर गस्त घालायची तीही स्कीवरूनच, त्यामुळे नोकरी आणि सराव यांची सांगड आपोआप बसली.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. स्की म्हटलं की उतारावरून भरधाव घसरत येणारा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. क्रॉस-कंट्रीमध्ये सपाटी, चढ, उतार असं सगळंच असतं आणि वेळेचा फरक पडतो तो मुख्यतः चढावर. पाय, पाठ, खांदे, दंड सगळे एकाच वेळी राबतात. शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकतं, याचे फार मोठे आकडे या खेळातल्या खेळाडूंमध्ये आढळतात. मॅन्त्युरांताच्या काळात वैयक्तिक शर्यतीत खेळाडू एकामागून एक, ठरावीक अंतरानं सुटायचे आणि निकाल घड्याळावर लागायचा. प्रतिस्पर्धी शेजारी नसायचा. आपला वेग आपणच राखायचा.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिंपिकमध्ये २२ वर्षांचा एरो ४ × १० किलोमीटर रिलेच्या फिनिश संघात होता. शेवटच्या टप्प्यावर ३५ वर्षांच्या वेइक्को हाकुलिनेननं नॉर्वेच्या हाकोन ब्रुस्वेनला गाठलं आणि फिनलंडनं ०.८ सेकंदानं सुवर्ण जिंकलं. एरोचं हे पहिलं ऑलिंपिक पदक.

त्याचा सुवर्णकाळ कोणता?

१९६४. त्या वर्षीच्या इन्सब्रुक ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री शर्यती जवळच्या सीफेल्डला झाल्या. ३० किलोमीटरमध्ये मॅन्त्युरांतानं दुसऱ्या क्रमांकाला एक मिनिटाहून अधिक मागे टाकलं. १५ किलोमीटर त्यानं ५० मिनिटं ५४.१ सेकंदांत पूर्ण केले. दोन्ही शर्यतींत दुसरा आला तो नॉर्वेचा हाराल्ड ग्रोनिंगेन, आणि १५ किलोमीटरला त्याला ४० सेकंदांहून जास्त उशीर झाला होता. या कामगिरीवरून एरोला ‘मिस्टर सीफेल्ड’ हे नाव पडलं. रिलेतलं रौप्य वेगळंच. त्याच वर्षी त्याला नॉर्वेचं मानाचं होल्मेनकोलेन पदक मिळालं. १९६२ आणि १९६६ च्या जागतिक स्पर्धांत ३० किलोमीटरचं सुवर्णही त्याचंच होतं.

रक्ताचं नेमकं काय होतं?

आपल्याकडच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर प्रौढ पुरुषाचं हिमोग्लोबिन साधारण १४ ते १७ (१०० मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम) असेल तर डॉक्टर समाधानी असतात. मॅन्त्युरांताचं २० च्या वर असायचं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. म्हणजे १५ हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू मावतो, तर २० असलेल्याच्या रक्तात जवळपास २७. चढावर शेवटच्या किलोमीटरला याची किंमत काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

हिमोग्लोबिन असतं ते रक्तातल्या तांबड्या पेशींत. इतक्या तांबड्या पेशी आल्या कुठून, अशी कुजबुज त्याच्या खेळण्याच्या काळातच होती. रक्त चढवून घेतो, असा संशय घेतला गेला. उलगडा झाला तो त्याची कारकीर्द संपून दोन दशकं उलटल्यावर. एवा युवोनेन, अल्बर्ट द ला शापेल आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी मॅन्त्युरांताच्या विस्तारित कुटुंबातल्या नातेवाइकांचं रक्त तपासलं. दोन डझनांहून जास्त जणांमध्ये हिमोग्लोबिन असंच चढलेलं निघालं. त्यामागचं जनुकीय कारण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं.

कारण असं. रक्तात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, नावाचं संप्रेरक सोडतात. अस्थिमज्जेतल्या पेशींवर ते स्वीकारणारे ग्राहक असतात. ईपीओ त्यांना चिकटलं की तांबड्या पेशींची निर्मिती सुरू होते आणि पुरेसा इशारा मिळाला की ग्राहकाचं आतलं शेपूट ती थांबवतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की बॉलकॉक नळ बंद करतो, तसंच हे काम. मॅन्त्युरांताच्या जनुकात एका अक्षराचा फरक होता. त्यामुळे ग्राहकाच्या शेपटाकडचे ७० अमिनो आम्लांचे दुवे तयारच होत नव्हते. इशारा थोडाच मिळाला तरी निर्मिती वेळेवर थांबत नव्हती. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून असं जनुक आलं तरी ते परिणाम दाखवतं, म्हणून प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते.

मग हे निसर्गाचं डोपिंग नाही का?

माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. डोपिंग म्हणजे नियमानं मनाई केलेली गोष्ट शरीरात घालणं किंवा तसा उपाय करणं. मॅन्त्युरांतानं हे जनुक मागितलं नव्हतं, विकत घेतलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. त्याला ते ठाऊकच नव्हतं. औषध म्हणून ईपीओ बाजारात आलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. उंच माणूस बास्केटबॉल खेळतो तेव्हा आपण त्याच्या उंचीवर आक्षेप घेत नाही. शरीर हे खेळाडूचं पहिलं भांडवल आहे, आणि ते कुणालाच सारखं मिळत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. १९७२ मध्ये फिनलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅन्त्युरांताच्या चाचणीत ॲम्फेटामाइन सापडलं. चाचणीत दोषी ठरलेला तो पहिला फिनिश खेळाडू. त्या काळात बंदी नसलेली हार्मोन्स घेतल्याचंही त्यानं कबूल केलं. ॲम्फेटामाइन हे उत्तेजक आहे. त्याचा त्याच्या जनुकाशी काहीही संबंध नाही आणि जनुकाच्या आड ते झाकताही येत नाही. ती चूक त्याची होती आणि त्याच्या नावावर ती राहणारच. मात्र तेवढ्यावरून ‘तांबड्या पेशीही चोरीच्याच’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्या पेशी त्याच्या नातेवाइकांतही होत्या, आणि त्यातले बरेच जण कधी शर्यतीत उतरलेही नव्हते.

मग पदकं कुणाची?

यासाठी दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. १९६४, सीफेल्ड, १५ किलोमीटर : मॅन्त्युरांता पहिला, ग्रोनिंगेन दुसरा, फरक ४० सेकंदांहून जास्त. १९६८, ग्रेनोबल ऑलिंपिक, पुन्हा १५ किलोमीटर : ग्रोनिंगेन पहिला, मॅन्त्युरांता दुसरा, फरक दोन सेकंदांहूनही कमी. माणसं तीच, अंतर तेच आणि रक्तातलं जनुकही तेच. चार वर्षांत मधलं सगळं बदललं : सराव, वय, अंगातली रग, त्या दिवसाचा बर्फ, स्कीखाली लावलेलं मेण, ग्रोनिंगेनची जिद्द. त्याच ग्रेनोबलला ३० किलोमीटरचं सुवर्ण इटलीच्या फ्रँको नोनेसनं नेलं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची वैयक्तिक क्रॉस-कंट्री शर्यत जिंकणारा तो नॉर्डिक देशांबाहेरचा पहिलाच. मॅन्त्युरांताला तिथं कांस्य मिळालं, रिलेतही कांस्य मिळालं. १९७२ ला साप्पोरोमध्ये तो पुन्हा उतरला आणि रिकाम्या हातानं परतला. जनुक तेव्हाही तेच होतं.

कुटुंबाची साक्षही हेच सांगते. त्याचा भाचा पेर्ती तेउरायार्वी १९७६ मध्ये ऑलिंपिक रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या फिनिश संघात होता. पण तांबड्या पेशी जास्त असलेले बहुतेक नातेवाईक काही ऑलिंपिक विजेते झाले नाहीत. रक्तानं मॅन्त्युरांताला मोठा आधार दिला, हे खरंच. त्या आधाराचं सुवर्ण झालं ते मात्र लहानपणापासूनचा स्कीवरचा प्रवास, गस्तीची पायपीट आणि चढावर वेग न सोडण्याचा हट्ट यांमुळे. अमेरिकी लेखक डेव्हिड एपस्टाईन यांनी उतारवयात त्याची भेट घेऊन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याच्याविषयी लिहिलं. स्वतः मॅन्त्युरांता यशाचं श्रेय रक्ताऐवजी मनाच्या निर्धारालाच देत होता. त्याच वर्षी २९ डिसेंबरला त्याचं निधन झालं. पेल्लोमध्ये त्याचा पुतळा आहे.

मुलीची जनुक-चाचणी करावी का?

नको. ‘तुमच्या मुलात कोणता खेळाडू दडला आहे ते सांगतो’ अशा जाहिराती हल्ली दिसतात. पण लांब पल्ल्याच्या धावण्यात शेकडो जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात आणि त्यांच्या बेरजेवरून कुणाचंही भविष्य सांगता येत नाही. क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांच्या एका गटानं २०१५ मध्ये एकत्रित निवेदन प्रसिद्ध करून सांगितलं की, मुलांमधली खेळाची गुणवत्ता हेरण्यासाठी अशा चाचण्या वापरू नयेत. मॅन्त्युरांताचं जनुक हा अत्यंत दुर्मिळ अपवाद होता, आणि त्याच्या बाबतीतही चाचणी सुवर्ण किंवा कांस्य यांचं भाकीत करू शकली नसती.

इथे एक सावधगिरीचा शब्द. कुणाचं हिमोग्लोबिन मर्यादेपेक्षा वर आलं तर ‘आपणही चॅम्पियन’ असं समजून गप्प बसू नये. धूम्रपान, फुप्फुसांचे विकार, झोपेत श्वास अडखळणं किंवा अस्थिमज्जेचा आजार यांमुळेही ते वाढतं. दाट झालेल्या रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जायलाच हवं.

तुमच्या मुलीसाठी मात्र उलट दिशेची काळजी जास्त खरी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातल्या भारतीय मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. धावणाऱ्या, वाढीच्या वयातल्या, पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागतं आणि ते कमी पडलं की आधी वेग जातो, मग उत्साह. घरचे म्हणतात, ‘आळस करते’. प्रशिक्षक म्हणतात, ‘कमी पडतेय’. आणि पोर मुकाट्यानं आणखी पळत राहते.

म्हणून जनुक-चाचणीवर हजारो रुपये घालवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टर म्हणाले तर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोहाच्या गोळ्या सुरू करा. ताटात पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी आणि लिंबू नेमानं असू द्या. जेवणाला लागून चहा देऊ नका, त्यामुळे लोह अंगी लागत नाही. झोप पुरेशी होऊ द्या आणि चांगला प्रशिक्षक शोधा. एवढं सांभाळा आणि तिला मनसोक्त धावू द्या.