माझ्या फोनमधले नंबर त्यांच्याकडे गेले कसे?

प्रश्न : वरंधला घाटाच्या पायथ्याशी आमचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे. पावसात दरडी आल्या, घाट बंद झाला की गिऱ्हाईक थांबतं. गेल्या पावसाळ्यात ओढाताण झाली म्हणून फोनवरच्या एका अ‍ॅपमधून 8,000 रुपयांचं कर्ज घेतलं. हातात 5,500 आले आणि सातव्या दिवशी पुरते 8,000 मागायला लागले. दोन दिवस उशीर झाला, तर माझा चेहरा जोडलेलं एक घाणेरडं चित्र माझ्या भावाला, नणंदेला आणि मुलाच्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर कुलपाचं चिन्ह असतं, 'एंड टू एंड एन्क्रिप्टेड' लिहिलेलं असतं. मग माझे नंबर फुटले कुठून? उरलेले पैसे भरावेत का? आणि पोलिसांत गेले तर गावभर माझंच नाव होईल का?
— एक भगिनी, वरंध (ता. महाड)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेक बायका याच भीतीने गप्प बसतात आणि समोरचे त्याच भीतीवर धंदा करतात. कर्ज घेणं हा गुन्हा नाही, हप्ता दोन दिवस लांबणं हाही नाही. तुमचा चेहरा दुसऱ्या शरीराला चिकटवून तो पाठवणं हा मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 खाली, चित्र फारच अश्लील असेल तर 67 अ खाली गुन्हा आहे. पैशासाठी धमकावलं म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 308, म्हणजे खंडणी, लागतं. बाईच्या अब्रूला धक्का लावणारी कृती म्हणून कलम 79 लावायलाही सांगा. त्याचा एक उपयोग आहे : या कलमाखालची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी, असं कायदा सांगतो.

फिर्यादीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला जायची गरज नाही. महाडच्या पोलीस ठाण्यात देता येते. 'हे आमच्या हद्दीतलं नाही' असं कोणी म्हणालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते आणि तिची प्रत तुम्हाला फुकट मिळते. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावरही लगेच कळवा.

जाण्याआधी एक काम करा. भाऊ आणि नणंद शरमेने ते मेसेज पुसून टाकतील, त्यांना आजच थांबवा. चित्र त्यांच्या फोनवर आलंय, म्हणून पुरावाही त्यांच्याच फोनवर आहे. ज्या नंबरावरून आलं तो नंबर, तारीख आणि वेळ एकाच पडद्यावर दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज तसाच ठेवा. न्यायालयात डिजिटल पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते देताना कोणत्या फोनमधून हे घेतलं, हे सांगावं लागतं. तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपची कराराची पानं आणि पैसे आल्या-गेल्याच्या नोंदी टिपून घ्या, मगच अ‍ॅप काढा.

आता नंबर कुठून फुटले ते. व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप खोटं नाही. एप्रिल 2016 पासून तिथला प्रत्येक मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीकडे त्याची किल्ली नसते. भोरहून सीलबंद ट्रक निघाला तर वरंधा घाटात कोणी त्यातला माल पाहू शकत नाही, पण महाडला ज्याच्या दारात तो उतरतो त्याच्या हाती सगळं येतं. तुमचे नंबर रस्त्यात कोणी चोरले नाहीत. अ‍ॅप उघडताना 'संपर्क पाहू द्यायचे का?' अशी चौकट आली असेल आणि 'अलाऊ' दाबल्याशिवाय पुढचं पान उघडलं नसेल. तिथून अख्खी यादी त्यांच्या संगणकावर गेली, तीही बहुधा कुलूपबंद वाटेनेच. वेबसाइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाचा अर्थही एवढाच होता. ते पाहून लोक ठगांच्या साइटवरही भरवसा ठेवू लागले, म्हणून गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं.

तुम्ही 'अलाऊ' दाबलं म्हणून दोष तुमचा, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 रोजीच कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना संपर्कयादी, फोटो आणि कॉलची नोंद पाहायला मनाई केली आहे. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही, हेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बजावलंय.

2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याहून पुढे जातो. त्याच्या कलम 6 मध्ये उदाहरण दिलंय ते जणू तुमच्यासाठीच लिहिलेलं आहे : फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारं अ‍ॅप एका बाईकडे संपर्कयादी मागतं, ती हो म्हणते, तरीही त्या यादीपुरती तिची संमती धरली जात नाही, कारण सल्ला द्यायला यादी लागत नाही. सूचना मराठीत वाचण्याची सोयही कंपनीला द्यावी लागेल; राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषा त्यात आहेत. पण नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय या कायद्यातला 250 कोटींपर्यंतचा दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्या बाईची अब्रू गेली तिला त्यातला रुपयाही मिळत नाही. भरपाई मागायचा जुना रस्ता, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 अ, तोही हा कायदा पुरता लागू झाला की बंद होणार आहे. मला हा उघड अन्याय वाटतो आणि संसदेने तो दुरुस्त करायला हवा.

पैशांचं सांगते. करारावर कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं नाव आहे का पाहा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै 2025 पासून अशा अ‍ॅपची यादी आहे. नाव खरं निघालं तर त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा आणि 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. नावच नसेल तर ही बिगरपरवाना सावकारी. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि अशा माणसाला कोर्टातून वसुलीचा हुकूम मिळत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्या. कोणा माणसाच्या यूपीआयवर मात्र एक रुपयाही टाकू नका. एकदा दिलात की मागणी वाढते.

2022 च्या मे महिन्यात मुंबईत मालाडच्या एका तरुणाने अशाच छळापायी जीव दिला. जीव घाबरा झाला, झोप लागेना, तर 14416 हा मानसिक आधार देणाऱ्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि भावाला सगळं सांगा. त्याने चित्र पाहिलंच आहे, आता तुमची बाजूही त्याला कळू द्या.

प्रश्न : सरकारला ठरवलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज वाचता येतात का?
— निवृत्त शिक्षक, महाड

उत्तर : सर, कायद्यात अधिकार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव लेखी हुकूम काढू शकतात. पण किल्ली कंपनीकडेच नसेल तर हुकमाने मजकूर निघत नाही. म्हणून फेब्रुवारी 2021 च्या नियमांत, एखादा मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला ते शोधून देण्याची अट आली. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि कुलूप तोडायला लावलं तर आम्ही देश सोडू, असं एप्रिल 2024 मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं. माझं मत कुलपाच्या बाजूचं आहे. पोलिसांसाठी केलेली फट वरच्या ताईंना छळणाऱ्यांच्याही कामी येईल.

तुमच्या हातातली गोष्ट निराळी आहे. गूगल ड्राइव्हवर जाणारी चॅटची बॅकअप प्रत आपोआप तशी कुलूपबंद होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते कुलूप लावावं लागतं.

प्रश्न : आईच्या खात्यातून दोनदा पैसे गेले. ओटीपी आला नाही, एटीएम कार्ड तर तिच्याकडे नाहीच. मध्यंतरी सामायिक जमिनीच्या खरेदीखतावर सगळ्या हिस्सेदारांबरोबर तिने अंगठा दिला होता, एवढंच.
— एक वाचक, पोलादपूर

उत्तर : तुमचा संशय अनाठायी नाही. आधारवर पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी नाही. नोंदणी कार्यालयातल्या दस्तांवरचे ठसे उतरवून त्यांचे नकली अंगठे केल्याचं तेलंगणात 2018 मध्ये उघड झालं. तिथे त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली गेली होती. अंगठा घेणारं यंत्र ठसा आतल्या आतच कुलूपबंद करून पुढे पाठवतं, पण यंत्रावर ठेवलेलं बोटच नकली असेल तर त्या कुलपाचा उपयोग होत नाही.

बँकेत आजच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 आणि मूलभूत बचत खात्यावर 5,000 रुपयांपर्यंत बोजा येतो. कळवल्यापासून कामाच्या 10 दिवसांत बँकेने तात्पुरती रक्कम जमा करायची असते. आईच्या फोनवर निरोप आलाच नसेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. ग्राहकाची चूक होती हे बँकेने सिद्ध करायचं असतं, ग्राहकाने आपली निर्दोषता नाही.

मग एमआधार अ‍ॅपमधून तिचे ठसे लॉक करा. त्यासाठी तिच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. नसेल तर आधार केंद्रात जोडून घ्या. ठसे लॉक असले की रेशनच्या यंत्रावरही अंगठा चालणार नाही, तेव्हा धान्य घ्यायच्या दिवशी दुकानात पोचल्यावर तात्पुरतं अनलॉक करायचं. ती मुदत 10 मिनिटांची असते. दुकानात रेंज नसेल तर जिथे रेंज येते तिथे थांबून अनलॉक करा आणि आईचा नंबर लागायच्या बेतालाच करा, आधी नको.