पेढीची व्यवस्था आणि कामगारांची सुरक्षितता

गोदामात अथवा कारखान्यात अपघात घडला की, ‘नोकराचा हलगर्जीपणा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु त्या हलगर्जीपणास वाव कोणी दिला, याचा शोध मालकाने प्रथम स्वतःपाशी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

भोपाळचेच उदाहरण पाहू. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. पाणी कसे शिरले, याविषयी वाद आहे. परंतु टाकी थंड राखणारे शीतयंत्र कित्येक महिने बंद होते. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. काटकसरीपायी पाळीवरील माणसेही कमी केलेली होती. हे निर्णय टाकीपाशी राबणाऱ्या कामगारांचे नव्हते; ते व्यवस्थापनाचे होते.

आपल्या पेढ्या लहान असल्या तरी प्रश्न तेच आहेत. हात आखडताना आपण दुरुस्तीचा खर्च प्रथम कापतो काय? हंगामाच्या घाईत एकाकडून दोघांचे काम घेतो काय? धोका दाखविणाऱ्या नोकराचे ऐकून घेतो, की त्यालाच बोल लावतो? वर्षअखेरीस खातेवही मिटविताना याचाही हिशेब आपण करावा. सुरक्षिततेत केलेली बचत जमेस दिसली, तरी ती पुष्कळदा पुढे ढकललेले देणेच असते.